निरोपाचा जमाखर्च

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वक्त्या १९९६ च्या दहावी 'अ' तुकडीच्या विद्यार्थिनी असून सॉफ्टवेअर इंजिनीयर आहेत.)



समितीने मला विषय दिला 'आठवणीतला निरोप समारंभ' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. फोनवर सूचनाही मिळाली, "दोन विनोद सांग आणि शेवटी थोडं रडव." रडवायचं काम माझ्यानंतर गाणाऱ्यांकडे आहे, ते चोख करतील. मी आकडे घेऊन आले आहे. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे बेरजा दोनदा तपासल्या आहेत.

आकडे आणण्याचं कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. मेळाव्याचा खर्च भागून काही रक्कम उरणार आहे, आणि ती यंदाच्या दहावीच्या 'भव्य शुभेच्छा समारंभा'ला द्यावी अशी सूचना आपल्या ग्रुपवर आली आहे. मंडप, डीजे, कमान, ड्रोन शूटिंग. सूचना प्रेमाने आलेली आहे, करणाऱ्यांची नावंही मला ठाऊक आहेत, आणि त्यातले दोघे आत्ता माझ्याकडे बघून हसत आहेत. त्यांनी मागवलेलं कोटेशन पासष्ट हजारांचं आहे. त्याबद्दल बोलायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

माझी आई याच भागातली. ती मॅट्रिक झाली तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला असायची. दहावीची पहिली परीक्षा १९७५ ची. आईच्या वर्गातल्या बऱ्याच मुली अकरावीला साडीच नेसून शाळेत यायच्या, तोच त्यांचा रोजचा पोशाख. त्यामुळे निरोपाच्या दिवशी साडी नेसण्यात काही विशेष नव्हतं. विशेष होता तो फोटोग्राफर. तो अलिबागहून यायचा, स्टँडवर कॅमेरा ठेवून डोक्यावर काळं कापड घ्यायचा आणि सगळ्यांना श्वास रोखायला लावायचा. वर्गाचा एकच फोटो निघायचा, तो शाळेच्या भिंतीवर जायचा. प्रत घ्यायची तर वेगळे पैसे. आईने घेतली नाही. त्यामुळे आईचा अकरावीतला चेहरा मला आपल्या शाळेच्या जिन्यातच बघायला मिळाला, मी पाचवीत आल्यावर. खाली बसलेल्या मुलींत डावीकडून तिसरी. बघायला जाऊ नका, तो फोटो आता तिथे नाही.

आता माझ्या काळाकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

आपल्याकडे निरोप समारंभ नववीने दहावीला द्यायचा. नववी यजमान, दहावी पाहुणे. फेब्रुवारी १९९५ मध्ये आम्ही नववीत होतो. दोन्ही तुकड्या मिळून ८४ जण, आणि हिशेब माझ्याकडे होता. पक्की वही वर्गशिक्षिकांकडे जमा झाली, पण कच्ची वही आईने जपून ठेवली होती. ती मी आणली आहे, चहाच्या वेळी बघायला मिळेल. हात धुऊन बघा, पानं सुटतात.

वर्गणी माणशी दहा रुपये. त्या वेळी वाडीत कामाला जाणाऱ्या बाईला दिवसाचे चाळीसच्या आसपास मिळायचे, असं आई सांगते. म्हणजे दहा रुपये ही काही घरांत सहज निघणारी रक्कम नव्हती. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर दोन रकाने आखायला लावले. एकावर लिहिलं 'पैसे' आणि दुसऱ्यावर 'वस्तू'. फळ्याजवळ उभं राहून त्यांनी एवढंच सांगितलं, की ज्याला जे आणणं सोयीचं असेल ते त्याने आणावं, आणि वही माझ्याखेरीज कोणी उघडायची नाही.

६१ जणांनी पैसे दिले. २३ जणांनी वस्तू आणल्या. त्या वस्तूंची यादी वाचून दाखवते, कारण ती यादी म्हणजे आपल्या किनाऱ्याचा नकाशाच आहे. नारळ अकरा, चौल आणि नागावच्या वाड्यांतून. केळीची पानं, कारण प्लेटांना पैसे नव्हते. लिंबं. हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर. पाच जणांच्या घरची फुलं: अबोली, अनंत, गुलाब, शेवंती. साळाव पुलावरून येणाऱ्या एका मुलाने कोर्लईहून ओल्या चिंचा आणल्या. त्यांचं काय करायचं ते कोणालाच कळेना. शेवटी आम्ही आयोजकांनीच त्या मिठाबरोबर खाल्ल्या. थेरोंड्याच्या दोघींनी मिळून कोळीवाड्यातून एक मोठं जाळं आणलं, आणि व्यासपीठामागे ते लावून त्यात फुलं अडकवली. त्या वर्षीसारखी सजावट मी नंतर कुठे पाहिलेली नाही, आणि तिचा वहीतला खर्च शून्य आहे.

जमा रुपये ६१०. खर्च असा: बटाटेवडे १८०, दीड रुपयाप्रमाणे २७० रुपये. वेफर्स अडीच किलो, १५० रुपये. पेढे दीड किलो, १२० रुपये, ते फक्त दहावीला आणि शिक्षकांना. घोटीव कागद, सुतळी आणि खळीसाठी पीठ, २५ रुपये. चहाचं दूध आणि साखर, ४० रुपये. एकूण ६०५. शिल्लक रुपये पाच. खाली बाईंच्या अक्षरात शेरा आहे: 'शिल्लक पुढील नववीस वर्ग'.

या हिशेबात दहावीच्या मुलांचा एक पैसाही नाही. ती आली, खुर्च्यांवर बसली, वडे खाल्ले, फिशपॉन्डवर हसली, दोघं-चौघं मनोगत सांगताना रडली आणि पेढा घेऊन घरी गेली. पुढच्या वर्षी आम्ही दहावीत होतो आणि तसेच पाहुणे म्हणून जाऊन बसलो. पाहुण्याला खिसा चाचपावा लागत नाही. कपडे म्हणाल तर गणवेश. दहावीपर्यंत सगळ्यांचेच गणवेश आखूड झालेले असायचे, स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवलेली असायची आणि उसवलेल्या जागी गडद पट्टा दिसायचा. तो पट्टा डॉक्टरांच्या मुलीच्याही स्कर्टला होता. ती इथे आहे, हात वर करते आहे. धन्यवाद.

त्या दिवशीचे फोटो एकूण छत्तीस, कारण रोलच छत्तिसाचा होता, आणि त्यातले चार डोळे मिटलेले.

आता तीस वर्षं पुढे येते. माझ्या भाचीची दहावी नुकतीच झाली, इथल्याच एका शाळेत. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला गंमत म्हणून खर्च सांगायला सुरुवात केली, आणि मी सवयीप्रमाणे लॅपटॉप उघडून तक्ता केला. भाड्याची साडी ९००. ब्लाउजची शिलाई ५००. पार्लरमध्ये मेकअप आणि केस १५००. गळ्यातलं-कानातलं ३५०. शाळेने ठरवलेली अल्पोपाहाराची वर्गणी १५०. दुपारनंतर नागावकडच्या एका हॉलवर मुलांनी आपापसात ठरवलेली पार्टी, ६००. पाठीवर सगळ्या वर्गाची नावं छापलेली हूडी ५५०. समुद्रावर फोटोशूट, ग्रुपमधला वाटा ४००. एकूण ४९५०.

या यादीत शाळेचा वाटा किती? दीडशे रुपये. शंभरातले तीन. त्यामुळे शाळेला विचारलं तर उत्तर मिळतं, की आम्ही फक्त दीडशे घेतो, आणि ते खरंच आहे. बाकीचे ४८०० रुपये शाळेच्या फाटकाबाहेर खर्च होतात. ते कोणी सक्तीने मागत नाही आणि त्यांची पावती फाटत नाही. वाडीत कामाला जाणाऱ्या बाईची ती आजची साधारण बारा दिवसांची मजुरी आहे. आमच्या वेळी दहा रुपये म्हणजे पाव दिवस होता.

मुलग्यांचं स्वस्तात भागतं असं कोणी समजू नये. भाड्याचा ब्लेझर आहे, गॉगल आहे, आणि कोणाच्या तरी काकाची बुलेट आहे. अर्थात हे अजून आपल्याकडे मर्यादेत आहे. सुरतेत फेब्रुवारी २०२५ मध्ये बारावीच्या मुलांनी निरोप समारंभासाठी महागड्या गाड्यांचा ताफाच रस्त्यावर काढला, आणि पोलिसांना कारवाई करावी लागली. आपले रस्ते अरुंद आहेत हे आपलं नशीब.

माझी तक्रार साडीबद्दल नाही. माझी भाची त्या दिवशी फार सुंदर दिसत होती, आणि ती स्वतःला आरशात बघत होती तेव्हा मला तिचा हेवा वाटला. पंधरा-सोळाव्या वर्षी एकदा तरी नटून मित्रमैत्रिणींत मिरवावं असं वाटणं यात वाईट काही नाही. आमच्या पिढीला ते मिळालं नाही आणि त्याची थोडी हुरहूर आमच्यात आहे. पार्लरचे पैसे देताना माझी बहीण तिच्याएवढीच खूश होती.

पण तिच्या वर्गाच्या फोटोत मी डोकी मोजली. पटावर ४१, फोटोत ३५. भाचीला विचारलं तर म्हणाली, "एकजण गावाला गेलाय. बाकी पाच मुली, त्यांना ताप होता." पाचही मुलींना? "हो मावशी, असतो ना ताप." नंतर एका शिक्षिकेशी बोलणं झालं. त्या मला म्हणाल्या, "सेंड-ऑफला येणारा ताप आम्हाला ओळखता येतो. दुसऱ्या दिवशी हॉल तिकीट घ्यायला मुलगी ठणठणीत असते."

परीक्षेला दोन-तीन आठवडे राहिलेले असताना घरी असं काहीतरी सांगून बसणाऱ्या पाच मुली. आईला सांगायचं, की मलाच जायचं नाही, फालतू असतं ते. आई समजून उमजून गप्प. आणि दहा वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्या सगळ्यांच्या स्टेटसवर दिवसभर तोच कार्यक्रम बघायचा.

हे कसं झालं, याचा मी माझ्या धंद्याच्या सवयीने शोध घेतला. प्रणाली बिघडली की आम्ही विचारतो, शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि त्यानंतर काय बदललं.

मोबाइल बदलला हे उघड आहे. फोटो काढणं फुकट झालं आणि फोटोत दिसणं महाग झालं. दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं स्वतःचं आहे, ते मुंबई-पुण्याला लागू नाही. नागाव, काशीद, रेवदंड्याचा किल्ला, कोर्लईचं दीपगृह इथे आता लग्नाआधीची फोटोशूटं होतात. शनिवार-रविवारी हॉल, लॉन आणि रिसॉर्ट पर्यटकांनी भरलेले असतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर स्वतःची गाडी घेऊन उतरतो. म्हणजे डेकोरेटर, ड्रोनवाला, मेकअप करणारी, साडी भाड्याने देणारी, हे सगळे आपल्या दारात आहेत. सोमवार ते शुक्रवार त्यांना काम कमी असतं, आणि निरोप समारंभ नेमके त्या दिवसांत असतात. यात कोणाचा दोष नाही. आपलेच विद्यार्थी हे व्यवसाय करतात, दोघी तर माझ्याच वर्गातल्या आहेत. पण लग्नाचं सामान तयार असलं, की कार्यक्रम लग्नासारखाच होत जातो.

तिसरं कारण मला एका शिक्षकांशी बोलताना कळलं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या शाळेत नववीने दहावीला दिलेला शेवटचा निरोप समारंभ फेब्रुवारी २०२० चा. मार्चमध्ये कोरोना आला, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या, ते तुम्हाला मी सांगायला नको. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, मग निरोप कसला? २०२२ ला परीक्षा झाली, पण त्या वर्षीची नववी शाळेत असा समारंभ शेवटचा झाला तेव्हा सातवीत होती. यजमान कसं व्हायचं असतं हे त्यांनी जवळून पाहिलेलंच नव्हतं. मग दहावीने स्वतःचा समारंभ स्वतःच केला. मोबाइलवर बघून केला, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. पुढच्या नववीने तो पाहिला आणि तीच रीत धरली.

आमच्या क्षेत्रात याला हँडओव्हर म्हणतात. जुना माणूस जाताना नव्याला काम समजावून देतो. ते कुठे लिहून ठेवलेलं नसेल आणि मधली एक फळी गळली, तर काम बंद पडत नाही, पण भलतंच कोणीतरी भलत्याच पद्धतीने करू लागतं. नववीकडून नववीकडे जाणारी ती वही आणि ते पाच रुपये म्हणजे हँडओव्हरच होता. कोणी ठरवून ही रीत मोडलेली नाही. मात्र या बदलात पाहुणा नाहीसा झाला. आता प्रत्येक मूल स्वतःच्या निरोपाचं तिकीट स्वतः काढतं. ज्याला तिकीट परवडत नाही, त्याला ताप येतो.

मी मध्ये चार वर्षं न्यू जर्सीत होते. माझी मावसबहीण तिथे स्थायिक आहे. तिच्या मुलीचा प्रॉम झाला तेव्हा मावशी इथून व्हिडिओ कॉलवर सगळी तयारी बघत होती आणि शेवटी तिने विचारलं, "नवरा मुलगा कुठाय?" प्रॉम म्हणजे तिकडच्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा नाचाचा समारंभ. शब्द 'प्रॉमेनेड' वरून आलेला, म्हणजे पाहुण्यांनी जोडीने मिरवत आत येणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कॉलेजांत तो सुरू झाला, मग हायस्कुलांत उतरला. सुरुवातीला शाळेच्याच व्यायामशाळेत रंगीत कागदाच्या झालरी लावून व्हायचा. म्हणजे आपल्या घोटीव कागदाचा चुलतभाऊच. दुसऱ्या महायुद्धानंतर तो हळूहळू हॉटेलांत आणि क्लबांत गेला, मग पोशाख वाढले, मग भाड्याच्या लांबलचक गाड्या आल्या. १९७५ मध्ये, म्हणजे आपल्या दहावीच्या पहिल्या परीक्षेच्या वर्षी, एक प्रॉम थेट व्हाइट हाऊसमध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी त्या वर्गात होती.

२०१५ मध्ये व्हिसा या कार्डवाल्या कंपनीने तिकडच्या कुटुंबांना प्रॉमच्या खर्चाबद्दल विचारलं होतं. सरासरी निघाली नऊशे डॉलरच्या थोडी वर. पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वर्षाला पन्नास हजार डॉलरपेक्षा जास्त मिळवणारी घरं मुलामागे सुमारे ८०० डॉलर खर्च करणार होती, आणि पंचवीस हजारांच्या आतली घरं जवळजवळ १४००. ज्यांच्याकडे कमी, त्यांचा खर्च जास्त. आपल्याकडे लग्नं पाहिलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. ज्याला आपण कमी आहोत असं दिसू द्यायचं नसतं, त्याला जास्तच खर्च करावा लागतो. म्हणून मला त्या ताप आलेल्या पाच मुलींइतकीच काळजी ताप न आलेल्या काही मुलींचीही वाटते. ४९५० रुपये कुठून आले, हे त्यांच्या घरी कोणीतरी पुढे कितीतरी महिने फेडत असणार.

आता जरा आपल्याकडे बघू. आजच्या मेळाव्याची नोंदणी पंधराशे रुपये आहे. टी-शर्ट वेगळा. आमच्या वर्गातल्या मुलींनी, अजून मुलीच म्हणते, जांभळी साडी ठरवली. मीही तीच नेसून उभी आहे. आमच्या तुकडीत ४३ जण होते. ग्रुपवर ३३ सापडले. आज आलेत १९. त्यांत एकजण दुबईहून आणि दोघं अमेरिकेतून आलेत, त्यांचं आपण टाळ्या वाजवून स्वागत केलं. न आलेल्यांपैकी तिघी या हॉलपासून तीन किलोमीटरच्या आत राहतात. त्यातल्या एकीला मी परवा फोन केला. ती म्हणाली, "अगं, नेमके पाहुणे आलेत घरी." आवाज अगदी ठणठणीत होता. मी पुढे काही विचारलं नाही. वहीत तिचं नाव 'वस्तू'च्या रकान्यात आहे.

हे बोलून मी कोणाचा मूड घालवत नाही, असं मी धरून चालते. चहाला सगळे बोलाल ना माझ्याशी?

तर पासष्ट हजारांबद्दल. मंडप, डीजे आणि ड्रोन आपण दिला, तर त्या मंडपाला शोभेल असा पोशाख मुलांना आपापल्या घरून आणावा लागेल. आपण एका दिवसाचा खर्च देऊ आणि त्यांचा तक्ता आणखी लांबवू. त्याऐवजी मी एक वेगळा हिशेब मांडते. नववी-दहावी आणि शिक्षक मिळून १७० माणसं, माणशी साठ रुपयांचा नाश्ता, १०,२०० रुपये. दहावीच्या प्रत्येक मुलाला वर्गाच्या फोटोची एक छापील प्रत, ८० प्रती, चाळीस रुपयांप्रमाणे ३,२००. सजावट आणि किरकोळ २,०००. एकूण १५,४००. म्हणजे त्याच पैशात चार वर्षांचे समारंभ होतात आणि थोडी शिल्लक राहते. रक्कम नववीच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यायची. समारंभ नववीने करायचा आणि दहावीकडून काहीही घ्यायचं नाही. संध्याकाळची पार्टीही शाळेतच होऊ दे, शाळेकडे चांगला स्पीकर आहे. फक्त मुलांना मनासारखं नाचू द्यायचं आणि आपण शिक्षक-पालकांनी तासभर दुसरीकडे बघायचं, एवढं मुख्याध्यापकांनी मान्य केलं पाहिजे. ते मान हलवत आहेत. होकारार्थी आहे असं मी समजते.

राहिला साडीचा प्रश्न. मुलींना साडी नेसू नका असं मी सांगणार नाही, आणि सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत. पण आपल्या प्रत्येकीच्या कपाटात दोनदा नेसून ठेवलेल्या आठ-दहा साड्या आहेत. तिकडे अमेरिकेत बऱ्याच गावांत वापरलेले प्रॉमचे पोशाख गोळा करून मुलींना फुकट देतात. आपण शाळेत साड्यांचं एक कपाट करू. मात्र एक अट आहे. ते गरीब मुलींसाठी म्हणून करायचं नाही. दहावीच्या सगळ्याच मुलींनी त्यातून निवडायची, डॉक्टरांच्या मुलीनेही. नाहीतर त्या कपाटासमोर उभं राहण्यापेक्षा ताप बरा, असं होईल. ब्लाउजचं काय, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर ताबडतोब आला. उत्तर आमच्याच वर्गात आहे. तिचं शिलाईचं दुकान आहे आणि ती भरपूर मार्जिन ठेवून तीन मापांचे ब्लाउज शिवून देणार आहे. पार्लर चालवणाऱ्या दोघींनी सकाळी सात ते दहा शाळेत यायचं कबूल केलं आहे. त्यांनी एकच विचारलं, आरसे आहेत का? आरसे नाहीत. आरसे लागतील.

हूडीवर माझ्याकडे उपाय नाही. ती मुलं छापून घेणारच.

नववीच्या वर्गशिक्षिका इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. त्यांच्या मुलांबरोबर पहिली बैठक येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आहे, त्यात जुनी वही त्यांना दाखवायची आहे. चहाच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. त्यावर दोन रकाने आखले आहेत, एक 'पैसे' आणि एक 'वस्तू'. नाव लिहायची गरज नाही. जे आज आले नाहीत त्यांच्याकडेही हा निरोप पोचवा, दुसऱ्या रकान्यात पुष्कळ जागा आहे.

साड्या मात्र धुऊन, इस्त्री करून आणा. आणि फॉल सुटला असेल तर आधी लावून घ्या.